बदली गडी



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले, की तो वेतनवाढीवर किंवा नव्या कायद्यावर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही खेळावर बोलणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर जास्त झाले. त्यामुळे विषयांच्या भिंती आम्हांला फारशा दिसत नाहीत. शिवाय खेळ हेही एक कामच आहे. त्यात अंग झिजते, दुखापत होते, जागा जाते, आणि एकाच्या जागी दुसरा उभा राहतो. हे सगळे आम्ही गेली तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकावर पाहत आलो आहोत. विषय असा, की लांब चालणारी स्पर्धा कोण जिंकतो: ज्याच्याकडे मोठे खेळाडू आहेत तो, की ज्याचा राखीव बाक भरलेला आहे तो?

प्रथम एक भेद लक्षात घेऊ. एक सामना आणि सामन्यांची मालिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका सामन्यात एखादा मोठा खेळाडू एकट्याच्या बळावर बाजी मारून नेतो. मालिकेत तसे सहसा होत नाही. तिथे दिवसांमागून दिवस तेच शरीर तेच काम करते. पोटरी धरते, पाठ आखडते, बोट मोडते. पहिल्या सामन्यात आपण कौशल्य मोजतो. चौथ्या सामन्यात कोठारात काय शिल्लक आहे ते मोजतो.

खेळाखेळांत याची सोय निरनिराळी आहे. आपल्या कबड्डीत सात गडी मैदानात आणि पाच राखीव, आणि त्यांची अदलाबदल करता येते. बास्केटबॉलमध्ये पाच जण मैदानात असतात आणि बाकावरचे गडी कितीही वेळा आत-बाहेर करतात. क्रिकेट मात्र या बाबतीत फार कंजूष. जखमी खेळाडूच्या जागी येणाऱ्याने क्षेत्ररक्षण करावे. गोलंदाजी आणि फलंदाजी त्याला बंद. डोक्याला मार लागला तर मात्र पूर्ण बदली खेळाडू घेण्याची मुभा २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत मिळाली. म्हणजे कसोटीत एखादा गोलंदाज दुसऱ्या दिवशी लंगडू लागला, तर त्याच्या वाट्याची षटके उरलेल्यांच्या पाठीवर पडतात. चार माणसांचे काम तिघांनी ओढायचे. हे दृश्य कारखान्यात ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

आता मुख्य कथेकडे येतो. २०२०-२१ च्या हिवाळ्यात भारताचा संघ ऑस्ट्रेलियात चार कसोटी सामने खेळायला गेला. इशांत शर्मा दुखापतीमुळे आधीच गळला होता. १९ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेडला आपला दुसरा डाव ३६ धावांत संपला. भारताच्या कसोटी इतिहासातला हा सर्वांत लहान डाव. त्याच डावात कमिन्सचा चेंडू लागून महंमद शमीचा हात मोडला आणि तो मालिकेबाहेर गेला. कर्णधार विराट कोहली ठरल्याप्रमाणे पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी घरी परतला. धुरा आली अजिंक्य रहाणे याच्याकडे. हा मूळचा संगमनेर तालुक्यातला, म्हणजे आपल्या पुणे रस्त्यावरचा शेजारीच म्हणा, आणि वाढला डोंबिवलीत.

पुढचा हिशेब ऐका. मेलबर्नला उमेश यादवची पोटरी गेली. हा नागपूरकडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. तो सामना रहाणेच्या ११२ धावांच्या बळावर आपण आठ गडी राखून जिंकला. मग सरावात के. एल. राहुलचे मनगट दुखावले. सिडनीला जडेजाचा अंगठा मोडला, ऋषभ पंतच्या कोपरावर चेंडू बसला, बुमराहच्या पोटाचा स्नायू दुखावला. शेवटच्या दिवशी हनुमा विहारीच्या मांडीचा मागचा स्नायू फाटला. अश्विनच्या पाठीची अवस्था अशी, की सकाळी त्याला बुटाची नाडी बांधायला वाकता येत नव्हते. या दोघांनी बेचाळीस षटकांहून अधिक काळ उभे राहून सामना अनिर्णित ठेवला. विहारीने १६१ चेंडूंत नाबाद २३ धावा केल्या. ज्या बाजारात धावांना भाव आहे, तिथे या २३ धावांची किंमत कोणत्या तराजूवर करायची ते तुम्हीच ठरवा.

१५ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर शेवटचा सामना सुरू झाला. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरलेली नव्हती. अॅडलेडच्या संघातले रहाणे, पुजारा आणि मयंक अगरवाल हे तिघेच आता उरले होते. गोलंदाज एकही नाही. सिराज, सैनी, शार्दूल ठाकूर, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर या पाच जणांनी मिळून सामन्यापूर्वी चार कसोट्या खेळल्या होत्या आणि अकरा बळी घेतले होते. पलीकडे एकट्या नेथन लायनच्या नावावर ३९६ बळी होते आणि तो आपली शंभरावी कसोटी खेळत होता.

हे पाच जण कोण, ते थोडे पाहू. सिराज हैद्राबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा. दौऱ्यावर असतानाच नोव्हेंबरमध्ये त्याचे वडील वारले, आणि तो परत न जाता संघात राहिला. नटराजन सालेमजवळच्या चिन्नप्पमपट्टी गावचा. वडील साड्या विणण्याच्या कामावर मजुरी करणारे. तो आणि सुंदर कसोटी संघात नव्हतेच. मर्यादित षटकांचे सामने संपल्यावर सरावाला चेंडू टाकण्यासाठी त्यांना ठेवून घेतले होते. शार्दूल ठाकूर पालघरकडचा; लोकलच्या गर्दीत किट सांभाळत मुंबईत खेळायला येणारा. २०१८ साली त्याला पहिली कसोटी मिळाली, आणि दहा चेंडू टाकल्यावर जांघेचा स्नायू धरून त्याला बाहेर जावे लागले. दुसऱ्या संधीसाठी तो सव्वादोन वर्षे थांबला.

या सामन्यातही दुखापतीने पाठ सोडली नाही. पहिल्याच दिवशी सैनीची जांघ गेली. तरी उरलेल्यांनी ऑस्ट्रेलियाला ३६९ वर रोखले. आपले सहा गडी १८६ धावांत गेले असताना सुंदर आणि शार्दूल यांनी सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भर घातली. सुंदरच्या ६२, शार्दूलच्या ६७. दुसऱ्या डावात सिराजने पाच आणि शार्दूलने चार बळी घेतले. शेवटच्या दिवशी गिलने ९१ धावा केल्या. पुजाराने २११ चेंडू खेळून, अंगावर मार खात, ५६ केल्या. पंत ८९ वर नाबाद राहिला, आणि १९ जानेवारीच्या संध्याकाळी आपण ३२८ चे लक्ष्य तीन गडी राखून पार केले. मालिका दोन विरुद्ध एक अशी आपल्याकडे आली. चार सामन्यांत वीस खेळाडू वापरले गेले, आणि चारही सामने खेळलेले दोघेच होते: रहाणे आणि पुजारा.

वर्तमानपत्रांनी याला चमत्कार म्हटले. आम्ही चमत्कार मानणारे नव्हे. कारणे शोधू.

पहिले कारण, हे बदली गडी बिनकामाचे बसून नव्हते. त्यामागे काही वर्षांची रणजी करंडकाची मजुरी होती, आणि भारत ‘अ’ संघाचे दौरे होते. ‘अ’ संघ आणि एकोणीस वर्षांखालचा संघ काही वर्षे राहुल द्रविडच्या हाताखाली होता. त्याने एक साधा नियम ठेवला होता, की दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येकाला निदान एक सामना खेळायला मिळालाच पाहिजे. आपल्यापैकी कितीतरी जण शाळेच्या संघातून परगावी गेले असतील आणि पाण्याच्या बाटल्या वाहून परत आले असतील. त्यांना या नियमाचे मोल कळेल. बाकावर माणसे बसवली म्हणजे बाक भरला असे होत नाही. बसलेल्याचा हात चालू राहिला पाहिजे.

दुसरे कारण पलीकडच्या बाजूला आहे. ऑस्ट्रेलियालाही दुखापती झाल्या. वॉर्नर पहिले दोन सामने नव्हता, नवा फलंदाज पुकोव्स्की खांदा दुखावून शेवटच्या सामन्यातून गेला. पण गोलंदाजीत त्यांनी कमिन्स, हेझलवूड, स्टार्क आणि लायन हेच चौघे चारही सामन्यांत वापरले. त्यांचे चौघेही जगात नावाजलेले, तेव्हा बदलायचे कशाला, असा विचार असावा. सिडनीला शेवटच्या डावात १३१ षटके टाकून ते थकले, आणि मध्ये अवघे तीन दिवस विश्रांती मिळून ब्रिस्बेनला उभे राहिले. शेवटच्या डावात स्टार्कने १६ षटकांत ७५ धावा दिल्या आणि बळी एकही नाही. आमचा जुना फिटर सांगत असे, की चांगले यंत्र आहे म्हणून त्याला तेल लागत नाही असे नाही.

तिसरे कारण, नशीब. तेही नाकारू नये. कोरोनाच्या निर्बंधांमुळे आयत्या वेळी भारतातून माणूस मागवणे सोपे नव्हते, म्हणून मोठा ताफा बरोबर ठेवला होता. एरवी नटराजन आणि सुंदर घरी परतले असते. आणि जुन्यांवाचून भागले असेही कोणी समजू नये. पुजारा एका बाजूने उभा नसता, तर तरुणांचे फटके आजही आपल्या आठवणीत नसते.

आता याच पाटीची दुसरी बाजू पाहा. चार वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, त्याच देशात त्याच करंडकासाठी आपण पाच सामने खेळलो. या वेळी बुमराहने दीडशेहून अधिक षटके टाकली आणि ३२ बळी घेतले. असा पराक्रम क्वचित पाहायला मिळतो. पण संघाचा सगळा भार त्या एका पाठीवर आला. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत ती पाठ धरली आणि निर्णायक डावात त्याला एकही चेंडू टाकता आला नाही. मालिका तीन विरुद्ध एक अशी गेली. म्हणजे आपला सर्वश्रेष्ठ गोलंदाज ज्या मालिकेत शिखरावर होता ती आपण हरलो, आणि ज्या मालिकेच्या शेवटच्या सामन्यात तो मैदानाबाहेर होता ती जिंकलो. यावरून बुमराह नको असा अर्थ कोणी काढू नये. एकाच बैलाच्या मानेवर सगळे जू ठेवले तर तो बैलही जातो आणि नांगरणीही राहते, एवढेच यातून घ्यायचे.

इथपर्यंत खेळाचे जाणकारही आमच्याशी सहमत होतील. पुढचा मुद्दा फाटकावरून दिसतो, आणि तो सांगण्यासाठीच आम्ही उभे राहिलो आहोत.

मुंबईच्या कापड गिरण्यांत ‘बदली’ नावाची एक जात होती. हा कामगार रोज सकाळी फाटकाशी येई. कोणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या मागावर याला उभे करीत. नाही तर हा डबा घेऊन घरी परत. अशी कित्येकांची वर्षेच्या वर्षे गेली. गिरणी या बदलीमुळेच अखंड चाले. हीच गिरणीची राखीव फळी. पण तिचा दुसराही उपयोग होता. कायम कामगाराने तोंड उघडले, की त्याला फाटकाकडे बोट दाखवत: तुझ्या जागेला बाहेर दहा उभे आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, ती उगाच नव्हती. बदलीचे हाल आणि कायमचे भय या एकाच दुखण्याच्या दोन बाजू होत.

खेळातही तसेच आहे. राखीव बाक जखमी माणसाला आधार देतो. तोच बाक त्याच्या पाठीवर चाबूकही होऊ शकतो. मागे माणूस उभा आहे हे पाहून एक जखमी निश्चिंत होतो, की मी बरा होईपर्यंत काम अडणार नाही. दुसरा जखमी तेच पाहून दुखणे लपवतो, की मी बसलो तर माझी जागा गेली. बाक तोच. फरक एवढाच, की पहिल्याला आपली जागा राखलेली आहे याची खात्री असते, दुसऱ्याला नसते.

कारखान्यातले एक उदाहरण देतो. आमच्या परिचयाचा एक हंगामी कामगार पॉवर प्रेसवर काम करताना बोटाला दुखापत करून घेऊन बसला. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले होते. सहाव्या दिवशी तो पट्टी खिशात घालून पाळीला हजर. कारण विचारले तर म्हणाला, “साहेब काही बोलले नाहीत, पण माझ्या मशीनवर नवा पोरगा लावलाय.” त्या नव्या पोराचा यात काय दोष? तोही घर चालवायलाच आला होता. जखम चिघळली आणि तीन आठवड्यांचे तीन महिने झाले.

आता बास्केटबॉलच्या मैदानावर जाऊ. अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेची अंतिम फेरी सात सामन्यांची असते. आधी चार जिंकेल तो विजेता. २०१९ साली गोल्डन स्टेट आणि टोरोंटो हे संघ समोरासमोर होते. गोल्डन स्टेटचा केव्हिन ड्युरांट पोटरीच्या दुखापतीने महिनाभर बाहेर होता. संघ तीन विरुद्ध एक असा मागे पडला तेव्हा पाचव्या सामन्यात तो उतरला. बारा मिनिटे खेळला, अकरा गुण केले, आणि त्याच पायाची टाचेची शीर तुटली. संघाने तो सामना एका गुणाने जिंकला. पुढच्या सामन्यात क्ले थॉम्पसनच्या गुडघ्यातली शीर फाटली, आणि संघ स्पर्धा हरला. ड्युरांटचा पुढचा सबंध हंगाम गेला. थॉम्पसनचे दोन गेले. त्याच शेवटच्या सामन्यात टोरोंटोच्या बाकावरून उठलेल्या फ्रेड व्हॅनव्ह्लीटने २२ गुण केले. हा असा खेळाडू, की २०१६ साली संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याला कोणीही घेतले नव्हते.

कोट्यधीश खेळाडूची ही गत, तर रोजंदारीवाल्याचे काय? मोडक्या हाताने खेळणाऱ्याला आपण टाळ्या देतो. २०२५ मध्ये मँचेस्टरला पंत मोडलेल्या पायाने लंगडत फलंदाजीला आला, आणि ओव्हलवर इंग्लंडचा वोक्स गळ्यात हात अडकवून उतरला. आम्हीही टाळ्या वाजवल्या. हिमतीला वाजवल्याच पाहिजेत. पण त्या टाळ्यांच्या आवाजात एक प्रश्न बुडून जाऊ नये, की याला उतरावे का लागले? त्या मालिकेनंतर आपल्या क्रिकेट मंडळाने देशांतर्गत अनेक दिवसांच्या सामन्यांत गंभीर जखमी खेळाडूच्या जागी पूर्ण बदली घेण्याची सोय केली. हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल आहे असे आम्ही मानतो.

आता बदली गड्यांचे पुढे काय झाले तेही पाहू. गॅबाच्या विजयानंतर मंडळाने संघाला पाच कोटींचे बक्षीस जाहीर केले. एका मोठ्या उद्योगपतींनी सहा नव्या खेळाडूंना मोटारी दिल्या. ती गाडी आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होत होती, तेव्हा त्या विजयाला नाशिकच्याही हातांचा स्पर्श आहे म्हणायचा! हे सारे छान झाले. पण त्याच जानेवारीच्या अखेरीस जाहीर झाले, की या वर्षी रणजी करंडक होणार नाही. सत्त्याऐंशी वर्षांत प्रथमच. साथीमुळे हे करावे लागले, त्याबद्दल वाद नाही. मात्र ज्या रणजीच्या कोठारातून हे पाच जण निघाले, त्या कोठारातल्या शेकडो खेळाडूंची वर्षाची कमाई सामन्याच्या मानधनावर अवलंबून होती. त्यांना निम्म्या मानधनाची भरपाई जाहीर झाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. मधले आठ महिने घर कसे चालवायचे?

आणि नटराजन? एकाच दौऱ्यात तिन्ही प्रकारच्या सामन्यांत पदार्पण करणारा तो पहिला भारतीय. त्याच एप्रिलमध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि पुढची चार वर्षे त्याला दुसरी कसोटी मिळाली नाही. सैनीचीही गॅबानंतर तीच गत. खेळात स्पर्धा असते, सगळ्यांना जागा मिळत नाही, हे आम्हांला कळते. पण पडत्या काळात हाक मारून बोलावलेल्या माणसाची नंतरही कोणी विचारपूस करतो की नाही, यावर पुढच्या वेळी हाकेला ओ मिळणार की नाही हे ठरत असते.

म्हणून भरलेला बाक आम्ही कशाला म्हणतो ते तीन कलमांत सांगतो. एक, राखीव माणसाला नियमित खरे काम मिळाले पाहिजे. दोन, न खेळवलेल्या दिवशीही त्याची चूल पेटली पाहिजे. तीन, जखमी माणसाची जागा तो बरा होईपर्यंत त्याची राहिली पाहिजे. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाने द्यावी हे तत्त्व या देशाच्या कायद्यात १९२३ साली आले. तत्त्वाला शंभर वर्षे होऊन गेली. खेळाच्या मैदानाला ते अजून पुरते पोहोचायचे आहे, आणि हंगामी कामगारापर्यंतही.

मंडळ मुंबईत आहे आणि अमेरिका तर फारच लांब. नाशिककरांनी यात काय करायचे, असे कोणी विचारील. आपल्या गल्लीगल्लीत कबड्डीची मंडळे आहेत, शाळांचे संघ आहेत. तिथे बारा मुले-मुली नेता, तर बाराही जणांना अंगाला माती लावून परत आणा. मैदानावर प्रथमोपचाराची पेटी आणि ती उघडता येणारा माणूस ठेवा. मंडळाच्या वर्गणीतून खेळाडूंचा अपघाती विमा उतरवा. मंडपाच्या एका कमानीच्या खर्चात तो बहुधा निघेल. आणि एखादी मुलगी घोटा सुजला म्हणून बसते म्हणाली, तर तिला भित्री म्हणू नका. पुढच्या सामन्यात तिची जागा तिला परत द्या. एवढे करायला कोणाची परवानगी लागत नाही.